घरी गेलेला रोगी

शस्त्रक्रियेचा इतिहास लिहिणारे बहुतेक लेखक ऑपरेशनच्या टेबलापाशी थांबतात. कोणी, कोणत्या साली, कोणता अवयव प्रथम काढला आणि रोगी जगला की नाही, एवढे सांगून झाले की प्रकरण संपते. ‘रोगी बरा होऊन घरी गेला’ या वाक्यावर पडदा पडतो. घरी गेलेला तोच रोगी दहा-बारा दिवसांनी ताप, उलट्या किंवा पोटात साठलेला पू घेऊन पुन्हा त्याच दारात उभा राहतो, ही गोष्ट त्या इतिहासात क्वचितच येते.

मी तीस वर्षे एका रुग्णालयाच्या नोंदणी विभागात काढली. केसपेपर लावायचे, तक्ते भरायचे, गठ्ठे बांधायचे, हे माझे काम. परत आलेल्या रोग्याला आमच्याकडे नवा नंबर मिळे. जुने कागद एका गठ्ठ्यात, नवे दुसऱ्यात. वर्षअखेरच्या तक्त्यात तो माणूस दोनदा मोजला जाई, आणि दोन्ही वेळा तो वेगळाच माणूस असे. पुढे वाचनाची सवय लागली तेव्हा कळले, की हा दोष आमच्या एका कचेरीचा नव्हता. पोटातल्या कर्करोगावर गेली एकशेचाळीस वर्षे जी मोठमोठी ऑपरेशने होत आली, त्यांचा हिशेबच मुळी दारापर्यंत ठेवला जात होता. दाराबाहेरचा हिशेब कसा सुरू झाला आणि तो आपल्यासारख्यांना काय शिकवतो, ते या लेखात सांगावयाचे आहे.

०००

२९ जानेवारी १८८१ रोजी व्हिएन्ना येथे प्राध्यापक थिओडोर बिलरोथ यांनी तेरेझ हेलर नावाच्या त्रेचाळीस वर्षांच्या स्त्रीच्या जठराचा कर्करोगग्रस्त भाग कापून काढला. ती आठ मुलांची आई होती. जठराचे खालचे तोंड गाठीने बंद झाल्यामुळे तिच्या पोटात काही ठरत नव्हते. पॅरिसचे पेआँ यांनी १८७९ साली आणि पोलंडचे रिडिगिअर यांनी १८८० साली हाच प्रयत्न केला होता; दोघांचेही रोगी वाचले नव्हते. बिलरोथ यांनी सुमारे चौदा सेंटिमीटरचा तुकडा काढला आणि उरलेले जठर रेशमी टाक्यांनी आतड्याला जोडले. बाई वाचली.

यातली मला विशेष वाटणारी तारीख वेगळीच आहे. बिलरोथ यांनी या यशाचे वृत्त वैद्यकीय साप्ताहिकाच्या संपादकांना पत्राने कळवले, त्या पत्रावरची तारीख ४ फेब्रुवारी १८८१ अशी आहे. म्हणजे ऑपरेशनला सहा दिवस झाले होते आणि रोगी अजून खाटेवरच होती. आज आपल्याला ठाऊक आहे की आतड्याचा जोड सुटण्याचा धोका पाचव्या ते आठव्या दिवसाच्या आसपास सर्वांत अधिक असतो. यशाचा डांगोरा पिटला गेला तो नेमका त्याच दिवसांत. सुदैवाने जोड टिकला. फेब्रुवारी संपण्यापूर्वी तेरेझबाई घरी गेल्या. मात्र चार महिने होण्याच्या आत, मे महिन्यात, त्यांचे निधन झाले. रोग पोटात आधीच पसरलेला होता. शवविच्छेदनात जठराचा जोड उत्तम भरून आलेला दिसला. ते जठर व्हिएन्नाच्या योसेफिनम संग्रहालयात जपून ठेवले आहे. जोड पाहायला मिळतो. घरी परतल्यानंतरच्या त्या तीन महिन्यांची हकीकत मात्र इतिहासाच्या पुस्तकात एका ओळीपलीकडे जात नाही.

बिलरोथ यांच्यावर अन्याय होऊ नये म्हणून हेही सांगितले पाहिजे, की आपले अपयश झाकणाऱ्यांपैकी ते नव्हते. झुरिचला असताना १८६० ते १८६७ या काळातल्या आपल्या सर्व रोग्यांचा वृत्तांत, मृत्यू आणि गुंतागुंतीसकट, त्यांनी छापून काढला होता. त्या काळात हे धाडसाचेच काम. तरीसुद्धा ‘घरी गेल्यावर काय झाले’ हा प्रश्न नियमाने विचारणारा शल्यविशारद त्यांच्यानंतर एका पिढीने, अमेरिकेतील बोस्टन शहरात निपजला.

त्याचे नाव अर्नेस्ट कॉडमन. त्याचे म्हणणे अगदी साधे होते. प्रत्येक रोग्याचे एक कार्ड करावे. त्यावर आजार, ऑपरेशन आणि गुंतागुंत लिहावी. वर्षभराने रोग्याला शोधून काढावे आणि शेवटी काय झाले ते त्याच कार्डावर नोंदवावे. फळ मिळाले नसेल तर का मिळाले नाही, हेही लिहावे. या पद्धतीला त्याने ‘अंतिम फल’ असे नाव दिले होते. मोठ्या रुग्णालयातले वरिष्ठ यास तयार होईनात. तेव्हा कॉडमनने १९११ साली स्वतःचे छोटेसे रुग्णालय काढले. पाच वर्षांत तेथून ३३७ रोगी घरी गेले. त्यांच्या बाबतीत झालेल्या १२३ चुका त्याने स्वतः मोजून छापल्या. परिणाम काय व्हायचा तो झाला. सहव्यवसायी दुरावले, प्राप्ती आटली, रुग्णालय बंद पडले. १९४० साली तो वारला तेव्हा त्याच्या कबरीवर नावाचा दगडही नव्हता. तो बसवला गेला २०१४ साली. आज जगभर रुग्णालयांच्या गुणवत्तेचे जे मोजमाप चालते, त्याचा मूळपुरुष म्हणून त्याचेच नाव घेतात.

०००

दरम्यान शस्त्रक्रिया पुढे धावत होती. १८९७ साली झुरिचच्या कार्ल श्लाटर यांनी एका स्त्रीचे संपूर्ण जठर काढले आणि ती वर्षाहून अधिक काळ जगली. लंडनचे अर्नेस्ट माइल्स यांनी १९०८ साली गुदाशयाच्या कर्करोगासाठी पोट आणि खालची बाजू अशा दोन्हीकडून करावयाचे मोठे ऑपरेशन मांडले. त्यामागेही परत आलेले रोगीच होते. त्यांच्या पूर्वीच्या सत्तावन्न रोग्यांपैकी चोपन्न जणांना रोग पुन्हा उद्भवला होता. परतणाऱ्यांकडे त्यांनी डोळेझाक केली असती तर हे ऑपरेशन सुचलेच नसते.

स्वादुपिंडाचा प्रांत सर्वांत अवघड. न्यूयॉर्कच्या अ‍ॅलन व्हिपल यांनी १९३५ साली तेथील कर्करोगासाठी जे ऑपरेशन प्रसिद्ध केले ते आज त्यांच्याच नावाने ओळखले जाते. आरंभी ते दोन हप्त्यांत होई. आधी तुंबलेल्या पित्ताला वाट करून द्यायची, रोग्याची कावीळ उतरू द्यायची, थोडी शक्ती आली की मुख्य ऑपरेशन करायचे. पुढे ते एका बैठकीत होऊ लागले, तरी १९६० आणि १९७० च्या दशकांत अनेक ठिकाणी चारांतला एक रोगी दगावत असे. हे ऑपरेशन सोडूनच द्यावे, असेही काही नामवंतांनी लिहिले. मग १९९३ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाने ओळीने १४५ रोग्यांवर हे ऑपरेशन करून एकही मृत्यू न झाल्याचे वृत्त दिले. हातांचे कौशल्य तर होतेच. परंतु एकाच ठिकाणी पुष्कळ रोगी येत असल्याने डॉक्टर, सिस्टर, क्ष-किरण विभाग, अतिदक्षता विभाग या सर्वांना गुंतागुंत ओळखण्याची सवय झाली होती, हेही तितकेच खरे.

आता दुसरा धागा पाहू. ऑपरेशननंतर रोग्याने किती दिवस खाटेवर पडून राहायचे? एकोणिसाव्या शतकात उत्तर ठरलेले होते : दोन-तीन आठवडे, हलायचे नाही. १८९९ साली शिकागोच्या एमिल रीस यांनी रोग्यांना लवकर उठवण्याचा आग्रह धरला, पण त्यांचे कोणी ऐकले नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, खाटा अपुऱ्या आणि माणसे थोडी असताना, रोग्यांना लवकर चालवणे भाग पडले आणि ध्यानात आले की त्यांचे काही बिघडत नाही. उलट फुफ्फुसाचे विकार आणि पायातल्या रक्ताच्या गुठळ्या कमी होतात.

या विचाराला शास्त्रशुद्ध रूप दिले ते डेन्मार्कच्या हेन्रिक केलेट यांनी. रोग्याला उगाच उपाशी ठेवू नये, नाकातली नळी अकारण ठेवू नये, वेदना नीट शमवाव्यात, त्याच दिवशी उठवावे, लगेच तोंडाने खाऊ द्यावे, अशी ती पद्धत. २००० साली त्यांच्या पथकाने मोठ्या आतड्याचा भाग काढलेल्या साठ रोग्यांची हकीकत छापली. निम्म्याहून अधिक लोक दोन दिवसांत घरी गेले. आमच्या काळी याच ऑपरेशनला दहा-बारा दिवस लागत. पण त्याच निबंधात आणखी एक आकडा प्रामाणिकपणे दिलेला आहे : शंभरात पंधरा रोगी परत आले. त्यांतल्या दोघांचा आतड्याचा जोड सुटला होता. बाकीच्यांना थोडे दिवस नुसत्या देखरेखीची गरज होती.

परत येण्याचे सारे मर्म येथे आहे. जोड सुटण्याचा किंवा पू होण्याचा दिवस हा शरीराच्या धर्माने ठरतो. डिस्चार्जची तारीख कागदावर अलीकडे आली म्हणून तो दिवस अलीकडे येत नाही. पूर्वी जी गुंतागुंत आठव्या दिवशी वॉर्डात, सिस्टरच्या डोळ्यांदेखत व्हायची, ती आता घरी, माजघरात, सुनेच्या किंवा मुलाच्या डोळ्यांदेखत होते. रोग तोच, पाहणारे डोळे बदलले. आणि या नव्या डोळ्यांना काय पाहायचे ते कोणी शिकवलेले नसते.

०००

माझे एक आतेभाऊ प्राथमिक शाळेत मास्तर होते. आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू. मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी दूरच्या शहरात एका मोठ्या रुग्णालयात त्यांचे ऑपरेशन झाले. आठव्या दिवशी घरी सोडले. रात्रीच्या गाडीने मंडळी परतली, दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला, गल्लीतले लोक भेटून गेले. अकराव्या दिवशी अंगात कणकण, मग उचकी, मग पोट फुगले. घरच्यांनी चार दिवस काढले. एवढा खर्च झालेला, डॉक्टरांनी तर ‘सगळे चांगले आहे’ म्हणून सोडलेले. आता लगेच परत जायचे म्हणजे ऑपरेशन फसले असे लोक म्हणतील. अण्णा स्वतःच म्हणत, “गाडीनं पित्त झालंय, उतरेल.” मी भेटायला गेलो तेव्हा वहिनींनी डिस्चार्ज कार्ड पुढे केले आणि म्हणाल्या, “भाऊजी, यात एस.ओ.एस. म्हणून लिहिलंय, ते औषध इथं कुठल्याच दुकानात मिळेना.”

कार्ड सबंध इंग्रजीत होते. शेवटच्या ओळीत ‘रिव्ह्यू एस.ओ.एस.’ एवढेच लिहिले होते. म्हणजे त्रास झाल्यास ताबडतोब या. कसला त्रास, किती वेळ थांबायचे, फोन कुणाला करायचा, यातले काही नव्हते. त्याच रात्री गाडी करून अण्णांना परत नेले. जोड सुटून पोटात पू झाला होता. दुसरे ऑपरेशन झाले, पोटावर पिशवी आली, सव्वा महिना रुग्णालयात गेला. पुढे सात वर्षे ते जगले, नातवाला मुळाक्षरे त्यांनीच गिरवायला लावली. पण ते चार दिवस त्यांना फार महाग पडले, आणि आणखी एक-दोन दिवस गेले असते तर सात वर्षांची गोष्ट उरलीच नसती.

आमच्या सीमाभागात तर हा प्रश्न दुहेरी आहे. घरात मराठी, बाजारात कन्नड, कार्डावर इंग्रजी. गोव्यात कोकणी, बडोद्यात गुजराती, इंदूर-ग्वाल्हेरला हिंदी. दोन-दोन, तीन-तीन भाषा सहज बोलणारी आपली घरे रोग्याच्या कागदापुढे मात्र निरक्षर होतात.

०००

परत येणे म्हणजे अपयश, ही समजूत केवळ आपल्या गल्लीतली नव्हे. राज्यकर्त्यांनीही ती धरली. अमेरिकेत २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, वृद्धांच्या सरकारी विमा योजनेतले जवळजवळ एक पंचमांश रोगी महिन्याच्या आत रुग्णालयात परत येतात असे आढळले. त्यानंतर, २०१२ च्या ऑक्टोबरपासून, जेथे काही ठरावीक आजारांचे रोगी अपेक्षेपेक्षा जास्त परत येतात त्या रुग्णालयांचे पैसे कापण्यास सुरुवात झाली. आरंभी त्यात हृदयविकाराचा झटका, हृदय दुर्बल होणे आणि न्यूमोनिया हे आजार होते. कर्करोगाची ऑपरेशने त्या यादीत घातली नाहीत, तरी मोजण्याची सवय सर्वत्र लागली. परतणाऱ्यांचे प्रमाण कमी झाले. मात्र २०१८ साली छापलेल्या एका मोठ्या अभ्यासात, दुर्बल हृदयाच्या आणि न्यूमोनियाच्या रोग्यांत घरी गेल्यानंतरचे मृत्यू त्या काळात वाढल्याचे दिसले. त्याचे कारण दंड हेच होते की नाही, यावर तज्ज्ञांत वाद आहे. पण ज्याला परत घेतल्याने दंड होतो, तो दार थोडे जडपणे उघडणार, ही शंका सामान्य माणसालाही येईल.

शस्त्रक्रियेच्या बाजूने आलेली दोन उत्तरे मला अधिक मोलाची वाटतात. २००९ साली मिशिगनच्या संशोधकांनी अमेरिकेतल्या रुग्णालयांची तुलना केली. मृत्यू कमी असलेल्या आणि जास्त असलेल्या रुग्णालयांत गुंतागुंत जवळजवळ सारखीच होती : शंभरात सुमारे पंचवीस आणि सुमारे सत्तावीस. फरक होता तो मोठी गुंतागुंत झाल्यावर किती जण दगावले यात. एकीकडे शंभरात साडेबारा, दुसरीकडे एकवीसहून अधिक. गुंतागुंत सर्वांकडेच होते. ती वेळेवर ओळखून रोग्याला सोडवणे सर्वांना जमत नाही.

दुसरे उत्तर २०१५ सालचे. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर पुन्हा दाखल व्हावे लागलेल्या लाखो रोग्यांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा ज्या रुग्णालयात ऑपरेशन झाले तेथेच परत गेलेल्यांमध्ये नव्वद दिवसांतले मृत्यू, दुसरीकडे गेलेल्यांपेक्षा २६ टक्क्यांनी कमी आढळले. ज्याने पोट उघडले त्याला आत कोठे काय जोडले आहे ते ठाऊक असते. दुसऱ्याला ते कागदावरून ओळखावे लागते, आणि कागद कसा असतो ते वर सांगितलेच आहे.

०००

आता प्रश्न येतो अंतराचा. ज्यांचे रुग्णालय दोन स्टेशनांवर आहे त्यांना ‘तिथेच परत जा’ म्हणणे सोपे. आमच्या भागातल्या जुन्या पिढीचे असे रुग्णालय मिरजेला होते. अमेरिकन मिशनचे डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली ते सुरू केले आणि पाहता पाहता ‘पोटाचं ऑपरेशन म्हणजे मिरज’ अशी म्हणच पडली. बेळगावहून, कोल्हापुरातून, विजापुराकडून रोगी रेल्वेने येत. घरातली थोर मंडळी सांगत, की रोग्याबरोबर शिधा, चूल, भांडी आणि दोन माणसे जात, आणि टाके निघून जखम सुकेपर्यंत सारे बिऱ्हाड तेथेच राही. त्यात गैरसोय होती, पण डॉक्टरांची नजरही रोज होती.

कर्करोगासाठी पुढे मुंबईचा रस्ता पडला. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा स्मारक रुग्णालय उघडले. तेथे शल्यविशारद म्हणून आयुष्य वेचणारे डॉ. अर्नेस्ट बोर्जेस मूळचे गोव्याचे. रुग्णालयाजवळच्या रस्त्याला त्यांचेच नाव आहे. देशभरातून येथे रोगी येतात आणि ऑपरेशननंतरचा मोठा प्रश्न राहण्याचा असतो. दादरला संत गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. कर्करोगाचे रोगी आणि त्यांचे नातलग तेथे अल्प खर्चात राहतात. परत दाखल होण्याविषयीचे पाश्चात्त्य निबंध वाचताना मला ही धर्मशाळा वारंवार आठवते. रुग्णालयातून सुटका झाली पण गाव अजून गाठलेले नाही, अशा मधल्या दहा-पंधरा दिवसांसाठी आपल्या समाजाने शोधलेली ही जागा आहे. रोगी खाटही अडवत नाही आणि डॉक्टरपासून दूरही जात नाही. २०१८ साली सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेतही रुग्णालयातून सुटल्यानंतरच्या पंधरा दिवसांचा औषधोपचार धरलेला आहे. त्या दिवसांची जोखीम सरकारी कागदालाही पटली, असे म्हणायला हरकत नाही.

आता ज्यांच्या घरी असा रोगी आहे किंवा उद्या असेल, त्यांच्यासाठी चार शब्द. पोटाच्या मोठ्या ऑपरेशननंतर रोगी परत येतो त्याची कारणे फार नाहीत. जोड गळणे किंवा आत पू होणे : ताप, थंडी, वाढती पोटदुखी, उचकी, नाडी जलद. आतडी न चालणे : पोट फुगणे, उलट्या, वारा न सरणे. स्वादुपिंडाच्या ऑपरेशननंतर जठर सुस्तावणे : दोन घासांत पोट भरणे, खाल्लेले उलटणे. लहान आतड्याचे तोंड पोटावर काढले असेल तर पिशवीतून पाणी आणि मीठ वाहून जाणे : लघवी कमी, जीभ कोरडी, चक्कर. येथे नुसते पाणी पाजून भागत नाही, क्षारही लागतात. दुर्लक्ष झाल्यास मूत्रपिंडांवर ताण येतो. जखम लाल होऊन वाहणे. एका पायाला सूज किंवा अचानक धाप, म्हणजे रक्ताची गुठळी. म्हणूनच कित्येकांना घरी गेल्यावरही चार आठवडे इंजेक्शने देतात. यांपैकी काहीही दिसले की सकाळची वाट पाहू नये.

आणि निघण्यापूर्वी, बिल भरून झाल्यावर, घाईच्या वेळीच, डॉक्टरांना किंवा सिस्टरना विचारावे : कोणती लक्षणे दिसली तर यायचे? रात्री फोन कोणाला? रुग्णालय लांब असेल तर वाटेत कोणाला दाखवायचे, आणि ते तुम्हाला कळवतील का? उत्तरे घरात जी भाषा वाचता येते त्या भाषेत, आपल्या हाताने, कार्डाच्या मागे लिहून घ्यावीत. ऑपरेशनचा कागद आणि तपासाचा अहवाल यांची एक प्रत रोग्याच्या उशाशी असावी. परतीच्या प्रवासाचे पैसे वेगळे काढून ठेवावेत. ते लागले नाहीत तर आनंदच आहे. लागले तर कोणाकडे हात पसरण्यात रात्र जायला नको. शेजाऱ्यापाजाऱ्यांनीही ‘परत न्यावं लागलं म्हणे’ असे खालच्या आवाजात बोलण्याऐवजी गाडी कोठे मिळेल ते पाहावे.